एक झूल, तीन दावणी

प्रत्येकाची आवड वेगळी असताना, नुसता आवडींचा क्रम विचारून सर्वांचा मिळून न्याय्य निर्णय काढता येतो का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. प्रश्न मुळात माझा नाही, माझ्या व्याह्यांचा आहे, आणि या प्रश्नावरून त्यांच्याइतका संतापलेला माणूस लातूरपासून नांदेडपर्यंत दुसरा सापडणार नाही. लोकांना वीज गेल्याचा राग येतो, बस चुकल्याचा येतो. आमच्या व्याह्यांना ‘हात वर करा’ या तीन शब्दांचा येतो. ग्रामसभेत ते शब्द कुणी उच्चारले की पहिला हात त्यांचाच वर होतो, पण तो हरकतीचा असतो.

त्यांचे गाव देवणी तालुक्यात. गाव त्यांना अण्णा म्हणते, आणि ते मला तिकडच्या रीतीप्रमाणे ‘इवाई’ म्हणतात. माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत पक्वान्न ठरवण्यासाठी हात वर झाले. लाडू हवे असणारेच पुष्कळ होते, पण त्यांतले काही साध्या बुंदीला गेले, काही मोतीचुराला, आणि या फाटाफुटीत बालूशाही जिंकली. वरपित्याने मानपानावरून चिडायचे असते; हे मतमोजणीवरून चिडले. “थांबा. बालूशाही कुनाकुनाच्या आवडीत सगळ्यात शेवटी हाय, ते बोला.” निम्म्याहून अधिक बैठकीने मान डोलावली. “म्हंजे जे बहुतेकांना नगं, तेच पहिलं आलं. ही निवड हाय का चेष्टा, इवाई?” मग त्यांनी आपली रीत समजावली. प्रत्येकाने आवडीचा क्रम लावायचा, नंतर दोन-दोन पदार्थांची कुस्ती लावायची, आणि जो सगळ्यांना चीत करील तो खरा. मोतीचुराने दोघांनाही पाडले. आचारी ताटकळत बसला होता, तो सुटला.

मी आयुष्यभर शाळेत गुण दिले, म्हणून एकदा गुणांची बाजू घेतली. ते भडकले. “गुन देनारा आपल्या मानसाला शंभर देतो अन् दुसऱ्याला भोपळा. क्रमात येवढी लबाडी जमत न्हाई. पहिल्याला लई पहिला म्हनता येतंय का?” नांदेडला माझ्या मुलीकडे आले की संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर जायचे, गुरुद्वाऱ्यात की बाजारात, याचेही क्रम घेतात. निकाल लागेपर्यंत दारातली रिक्षा दुसरी सवारी घेऊन निघून गेलेली असते. “जाऊ दे,” ते म्हणतात, “निर्नय तर नीट झाला.”

अशा माणसाची परीक्षा त्याच्याच गावच्या जत्रेत झाली. तिथे देवणी वळूंची निवड होते. पहिल्या वळूला कशिद्याची झूल घालून गावभर मिरवतात. पूर्वी गुण देत आणि गुण देणाऱ्याच्या पाहुण्याचा वळू जिंकत असे. हा अन्याय सहन न होऊन व्याह्यांनी गावाशी भांडून आपली रीत लागू केली. त्या वर्षी शेवटी तीन वळू उरले: तोंडाच्या बाजू काळ्या असलेला वानेरा, जवळजवळ पूर्ण पांढरा बालंक्या, आणि अंगभर काळे ठिपके असलेला शेवरा. शेवरा व्याह्यांच्या धाकट्या भावाचा होता. शेताचा बांध मोजताना दोघांचे बिनसले, तेव्हापासून भाऊ त्यांच्याशी बोलत नसे.

तीन पंचांनी क्रम सांगितले. पहिला म्हणाला, वानेरा, बालंक्या, शेवरा. दुसरा म्हणाला, बालंक्या, शेवरा, वानेरा. तिसरी पंच एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, शेवरा, वानेरा, बालंक्या. व्याह्यांनी कुस्त्या लावल्या आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला. “वानेरा बालंक्याला पाडतो. बालंक्या शेवऱ्याला पाडतो. अन् शेवरा वानेऱ्याला? ह्याला काय अर्थ हाय?” त्यांनी पंचांना पुन्हा विचारले. तिघेही आपल्या क्रमावर ठाम होते.

“अण्णा, तुमचं मत टाका अन् मोकळं करा,” लोक म्हणू लागले. मी गर्दीतच उभा होतो, मला पेच दिसला. भावाच्या बाजूने मत टाकले तर रीत मेली. विरुद्ध टाकले तर भाऊ कायमचा गेला. भाऊ त्यांच्याशी बोलणार नव्हताच. तो वळूशी बोलला. “चल रं राजा. इथं आपल्याला इन्साफ न्हाई. बांध मोजतानाबी असंच झालतं.”

 व्याही म्हणाले, “मी मत टाकनार न्हाई. पंच खोटं बोलले न्हाईत. आवडच गोल निघाली, तिला सरळ करायचा हक मला न्हाई. झूलबी गोल फिरंल. जो पाडतो, त्याच्याकडं जाईल.” चिठ्ठीने ती आधी वानेऱ्याकडे गेली. पोळ्याला तिथून शेवऱ्याकडे, दिवाळीला शेवऱ्याकडून बालंक्याकडे, असे ठरले. “पोचवनार कोन?” कुणीतरी विचारले. “रीत माझी हाय,” व्याही म्हणाले, “मीच पोचवीन.”

पोळ्याच्या सकाळी मी त्यांच्याबरोबर होतो. झूल त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती आणि वाटभर एकाही गोष्टीवर ते चिडले नाहीत, याचीच मला काळजी वाटली. भाऊ दावणीशी उभा होता. व्याह्यांनी वळूच्या पाठीवर झूल टाकली; एक बाजू खाली घसरली, ती भावाने ओढून घेतली. मग तो वळूच्या कानाशी म्हणाला, “राजा, त्यांना म्हनावं, बसा. चहा टाकलाय.”

व्याही बसले. चहा की ताक की दूध, हे त्यांनी विचारले नाही. बांधाचा विषय त्या दिवशी निघाला नाही, पुढेही माझ्या कानावर आला नाही. झूल मात्र अजून फिरते. तिचा कशिदा आता विटला आहे.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे: सर्वांचे क्रम प्रामाणिक असले, तरी कधी कधी त्यांतून एकच विजेता निघत नाही, आणि त्यात कुणाचाही दोष नसतो. हे माझ्या शब्दावर मानू नये. तीन माणसे आणि तीन आवडी घेऊन वाचकांनी ते स्वतः ताडून पाहावे.