डावी टाच

अंथरुणाला खिळलेल्या आईला ठेवण्यासाठी खंडाळ्याजवळचं शुश्रूषागृह बघायला गेलो, तेव्हा माझ्या वहीत सत्तावीस प्रश्न होते. किती रुग्णांमागे एक आया, कूस किती तासांनी बदलतात, सगळं लिहून घेतलं. फरशी चकचकीत होती. तिला दहापैकी नऊ गुण दिले.

खिडकीपाशी तिथे काम करणाऱ्या, जवळच्याच टाकवे गावच्या एक मावशी अंथरुणावरच्या आजींना तेल लावत होत्या. दर वेळी आधी स्वतःचे तळवे चोळून गरम करायच्या, मगच अंगाला हात लावायच्या. माझी वही बघून हसल्या.

"फरशी काय बघताय भाऊ? पाव्हणं येनार म्हनलं की ती कुनीबी पुसतंय. टाचा बघा."

त्यांनी आजींची चादर उचलली. चार वर्षं झोपून असलेल्या बाईच्या टाचांवर एकही चट्टा नव्हता.

संध्याकाळी घरी आईच्या पायांवरची चादर उचलली. तिच्या औषधांच्या वेळा मी दोन वर्षं न चुकता लिहीत होतो. डावी टाच लाल झाली होती.

दोनच दिवसांनी आईला तिथे नेलं. मावशींनी तळवे चोळले, ती टाच ओंजळीत घेतली. आईला म्हणाल्या, "जलमभर लय चालला तुमी, आजी. आता ऱ्हाऊ द्या पाय हितं, माज्या हातात."