उशाकडच्या विटा

आयसीयूत काम करणाऱ्यांना किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपणहून अंगावर येतात. यवतमाळच्या ज्या दवाखान्यात मी सिस्टर आहे (नाव विचारू नका, नोकरी टिकवायची आहे!) तिथे चहाच्या वेळी आम्ही ते एकमेकींना सांगतो आणि हसतो. हसलो नाही तर दुसरं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. पण यंदाच्या पावसाळ्यातल्या किश्श्यांना कुणी हसत नाही. त्या सगळ्यांत सविता आहे.

सविता आर्णीजवळच्या तांड्यातली. घरात खाली झोपली असताना मण्यार चावली. या सापाच्या विषानं श्वास बंद पडतो, म्हणून घशात नळी टाकून तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं. पण हे विष उतरतं बरं का! तोवर मशीननं श्वास द्यायचा आणि फुप्फुसात जंतू जाऊ द्यायचे नाहीत. मग माणूस आपल्या पायांनी घरी जातो.

"जगते का हो सिस्टर?" तिच्या नवऱ्यानं, किसननं विचारलं.

"जगते नं! फक्त न्युमोनिया झाला नाही पाहिजे."

"फक्त" हा शब्द मी कोणत्या तोंडानं वापरला देव जाणे.

* * *

त्याच आठवड्यात आमचं ट्रेनिंग झालं. विषय नेमका हाच! नागपूरहून मॅडम आल्या होत्या. त्यांनी प्रश्न विचारायचा अवकाश, मागच्या रांगेतूनसुद्धा उत्तर हजर.

"पेशंटचं डोकं वर का ठेवायचं?"

"पोटातलं फुप्फुसात उतरू नये म्हणून!" सगळ्या एका सुरात.

मॅडम खूश. म्हणाल्या, चला, आता वॉर्ड बघू. वॉर्डात एकूण एक बेड सपाट.

"हे असं कसं?"

आमचे वॉर्डबॉय दादाराव शांतपणे म्हणाले, "मॅडम, वर करनारे सगळे तं तुमच्याच ट्रेनिंगले गेलते!"

* * *

जाता जाता मॅडमनी सविताच्या उशाची बाटली उचलली. तोंड साफ करायचं औषध, म्हणजे तिथले जंतू फुप्फुसात उतरत नाहीत. सील जसंच्या तसं.

"हे वापरत नाही का तुम्ही?"

आमच्या इन्चार्जबाई लगेच पुढे झाल्या. "वापरतो ना मॅडम! पण जपून."

मॅडम गेल्यावर मी ते सील तोडलं आणि सविताचं तोंड साफ केलं. बाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या.

* * *

दादारावांची हातमोज्यांवर भारी श्रद्धा. एकदा शेजारच्या पेशंटची लघवीची पिशवी रिकामी केली आणि तेच हात घेऊन सविताची नळी सरळ करायला निघाले.

मी ओरडले, "दादाराव, हातमोजे!"

त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. "घातले हायेत नं सिस्टर! मले काय होते?"

* * *

आमचा बेड वर करायला हँडल फिरवावं लागतं. हँडलं हरवतात, म्हणून सगळ्या आयसीयूत मिळून एकच. ते इन्चार्जबाईंच्या कपाटात, किल्ली त्यांच्या पर्समध्ये आणि पर्स त्यांच्याबरोबर घरी! एक्स-रेसाठी बेड एकदा सपाट केला की मग सपाटच.

मी किसनला सांगून ठेवलं होतं, "तिचं डोकं खाली येऊ द्यायचं नाही. दिसलं की हाक मार." तो दाराच्या काचेला डोळे लावून उभा. "सिस्टर, डोकं खाली हाय!" दिवसभर हेच. बाकीच्या सिस्टर वैतागल्या.

शेवटी त्यानं बाहेरच्या बांधकामावरून विटा उचलून आणल्या. दादारावांनी बेड उचलून धरला, किसननं उशाकडच्या पायांखाली विटा सरकवल्या.

दादाराव घाम पुसत म्हणाले, "हे हँडल कोनी कपाटात ठेवत नाही!"

पुढे सविताच्या पापण्या हलू लागल्या, मग बोटं. मी किसनला आत बोलावलं, तर तिनं त्याचं बोट धरलं. मला इतका आनंद झाला की मी इन्चार्जबाईंनासुद्धा चहा पाजला.

* * *

मग मोठे साहेब पाहणीला यायचे ठरले.

"आयसीयू हाय का वीटभट्टी?" इन्चार्जबाई कडाडल्या. विटा गेल्या. नव्या चादरी आल्या. मी सविताच्या पाठीशी उशा लावल्या, तर चादर चुरगळते म्हणून त्याही काढायला लावल्या. बाई पर्ससकट गेटवर स्वागताला. साहेबांना उशीर झाला, सविता दिवसभर सपाटच आणि हाक मारणाऱ्या किसनला तर पार कंपाउंडबाहेर काढलं होतं.

साहेब आले, बघून गेले. म्हणाले, "व्हेरी नीट!"

त्यानंतर सविताला ताप आला. त्या एका दिवसानंच आला का, ते कुणी सांगू शकत नाही. मी मात्र स्वतःला दुसरं काही पटवू शकले नाही. छातीत कफ भरला, औषधं बदलून पाहिली, काही उपयोग झाला नाही. विष केव्हाच उतरलं होतं. सविता न्युमोनियानं गेली.

मी गाडीपर्यंत गेले. किसननं अंगातला शर्ट काढून घडी केली, तिच्या मानेखाली ठेवली. त्यावर कपड्यांची पिशवी ठेवली. तरी उंची पुरेना, म्हणून तिचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला.

ड्रायव्हर हळूच म्हणाला, "भाऊ, सरळ झोपू दे आता तिले. आर्णी लांब हाय."

"नाही," किसन म्हणाला. "सिस्टरनं सांगतलं हाय, डोकं खाली येऊ द्याचं नाही."