चादरीचं दुसरं टोक

अर्धी वाट सरली तशा सासूबाई पुन्हा कालव्याच्या कठड्याला टेकल्या. पुढचा रस्ता धुक्यात विरून गेला होता. माणसं त्यातून वर यायची, चार पावलं खरी व्हायची आणि परत पुसली जायची. गाडी करू या का, असं सुनेनं दवाखान्याच्या दारातच विचारलं होतं. त्यावर उत्तर आलं, की पाय अजून माझे मलाच उचलतात.

"डॉक्टरनं मुठीत ताकद मोजायचं यंत्र दाबायला दिलं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांचा गळा समजून दाबलं, तरी काटा हलेना मेला."

सून हसली.

सासूबाईंची उभी हयात लाँड्रीत गेली. नव्या सुनेला त्यांनी पहिलं काम शिकवलं ते चादर पिळायचं. दोघींनी एकेक टोक धरायचं आणि उलट दिशांना पीळ द्यायचा. त्या ओढीनं सून पुढे फरफटायची. सासूबाई मात्र खांबासारख्या उभ्या. वर्षभरापासून ओलं टोक त्यांच्याच हातून निसटायला लागलं. मग सुनेनं गुपचूप पीळ ढिला केला. चादरी ठिबकत राहायच्या, वाळता वाळायच्या नाहीत, आणि ती ढगांना बोल लावायची. म्हातारपण देवानं दिलंय, आपण निदान त्यावर पांघरूण घालावं, एवढंच तिच्या मनात.

आज डॉक्टरांचं बोलणं मात्र तिच्या डोक्यातून जाईना. स्नायू रोज थोडे झिजतात, रोज थोडे नव्यानं बांधले जातात. वय झालं की बांधणाऱ्या पेशींना डुलकी लागते. हाताला काम पडलं की त्या जाग्या होतात. काम काढून घेतलं की झोप गाढ होत जाते, आणि मग एक साधी ठेचही माणसाला अंथरुणाला खिळवते. धुक्याकडे बघता बघता तिला वाटलं, त्या पेशी तिथंच कुठंतरी ओल्या चादरी पांघरून निजल्यात, आणि त्यांना थोपटणारा हात आपलाच आहे.

तेवढ्यात सासूबाईंनी तो हात धरला. पकड वाळल्या कापडासारखी हलकी होती.

"आई, निघू या का?"

"निघू. ठिबकणाऱ्या चादरी मला दिसतात गं," त्या हळूच म्हणाल्या. "उद्यापासून पूर्वीसारखा पीळ दे. टोक सुटलं तर सुटू दे, मळलं तर पुन्हा धुऊ. पण तू ढिलं धरू नकोस."