झऱ्याकाठच्या बावीस निलगिरी

शहराच्या उत्तरेला, जटवाड्याच्या डोंगरात, आमच्या लहानपणी एक झरा होता. शाळेची सहल तिथंच जायची. ओंजळीनं प्यायलं की दात ठणकायचे, इतकं गार पाणी. आता भर पावसाळ्यातसुद्धा तिथं नुसती ओल दिसते.

दोन वर्षं झाली, आमचा चाळीसेक जणांचा गट दर रविवारी त्या झऱ्याचा ओढा पुन्हा वाहता करायला जातो. गयासमामू तिथंच भेटले. सत्तरी ओलांडलेले, उभी हयात रोपवाटिकेत रोजंदारीवर गेलेली. आमचा खड्डा उथळ झाला की म्हणणार, "ताई, ये खड्डा है या कुंकवाचा करंडा?"

या फाल्गुनात ओढ्यालगतच्या निलगिरी काढायचं ठरलं. झऱ्याचं पाणी तीच झाडं ओढतात, असं जाणकारांचं मत पडलं. परवानगीही आली. तोडायच्या झाडांवर चुन्याचा पट्टा मारायचं काम मामूंकडं. त्यांनी ओढाभर पट्टे मारले आणि झऱ्यापाशी येऊन ब्रश डब्यात टाकून दिला.

"मामू, ही बावीस राहिली."

"ती नाय जमायची, ताई. माझ्या हातची हैत. शहाऐंशीच्या दुष्काळात लावली. एकबी मरू दिलं नाय."

त्यांच्या बायको, आबेदा मुमानी, जेवणाचे डबे उघडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तुम्ही मरू दिलं नाय? घागरी कुणाच्या डोक्यावर होत्या?"

मामू चुन्याच्या डब्यातला ब्रश उगाच ढवळू लागले.

"याच झऱ्यातून भरायचे. रय्यान पोटात होता तवाबी. मला कधी एक गजरा आणला नाय, और इन लकडियों को दिन में दो बार पानी!"

सगळे हसले. मला मात्र सहलीतली एक पोटुशी बाई आठवली. डोक्यावर घागर घेऊन चढणीला लागलेली, आणि आमच्या बाईंनी तिच्यासाठी आमची रांग बाजूला सरकवलेली. त्या मुमानीच होत्या का, देव जाणे. विचारायचा धीर झाला नाही.

हात पुसत मुमानी उठल्या. झाडांकडं बघत हळूच म्हणाल्या, "मीच पाजलं यांना. लई पिली. बस झालं आता." आणि ब्रशसाठी हात पुढं केला.

मामूंनी ब्रश दिला नाही. पहिल्या झाडाच्या बुंध्यावर डावा तळवा टेकवला, थोडा वेळ तसेच राहिले, मग उजव्या हातानं पट्टा ओढला. बावीस झाडांना दुपार झाली. कुणी घाई केली नाही.

जेवताना मी विचारलं, "पावसाळ्यात इथं करंज लावू या ना?"

"पाण्याच्या तोंडावर नको. तिथं गवत येऊ द्या. करंज दहा पावलं मागं." हातातली भाकरी खाली ठेवून मामू उठले, मोठ्यानं मोजत चालले आणि टाचेनं मातीत रेघ ओढली.

"नऊच झाली," मागून मुमानी म्हणाल्या.

मामूंनी रेघ पायानं पुसली आणि एक पाऊल मागं सरकले.