झडतीवाल्या अक्का आणि ठकीचं पोट

अक्कांनी उभा जन्म कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर काढला. सुटीचा भोंगा झाला की शिवणखात्यातल्या बायकांची रांग लागे आणि अक्का एकेकीची झडती घेत. डब्याच्या तळाशी लपवलेली लेस, अंबाड्यात खोचलेली रिळं, पोटुशी म्हणून सांभाळून चालणाऱ्या बाईच्या पोटावरचं सॅटिन. अक्कांच्या बोटांना सगळं कळे. निवृत्तीला साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर ते त्यांनी आधी मागचं झाकण उघडून पाहिलं.

मग त्या धाकट्या बहिणीकडे राहायला आल्या. खाली बहिणीच्या नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान, वर घर. अक्कांबरोबर एक ट्रंक आली आणि ठकी नावाची मांजर. ठकी आता पार म्हातारी झाली होती. दात गेलेले, अंग वाळलेलं, पण मिजास मात्र जहागीरदारिणीची. अक्कांचा जगात विश्वास असलाच तर तो तिच्यावर.

ती ठकी खाल्लेलं उलटू लागली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "वय झालं, पोट नाजूक झालंय. मी देते तेच खाणं थोडं थोडं द्या. दुसरं काही तोंडाला लागू देऊ नका."

"म्हणजे कोणीतरी चोरून घालतंय," अक्का म्हणाल्या.

"असं मी म्हटलं नाही."

"तुम्ही कशाला म्हणाल? तुम्हाला कोणाशी वाकडं घ्यायचं नाही."

संशयिताचं नाव अक्कांनी जिना चढता चढताच पक्कं केलं. ठकी रोज दुकानात उतरायची आणि मिशा चाटत वर यायची.

"भाऊजी, हात पुढे करा."

भाऊजींनी निमूटपणे केले. अक्कांनी हुंगले.

"ग्रीसचा वास येतोय."

"सायकलवाल्याच्या हाताला अत्तराचा येईल का, अक्का?"

"ग्रीसच्या खाली काय आहे ते विचारतेय मी!"

"अगं अक्का," बहीण आतून ओरडली, "त्यांना स्वतःच्या ताटातल्या माशाचा काटा काढता येत नाही, ते मांजराला काय भरवणार?"

"गरीब चेहऱ्याच्याच बायका रिळं न्यायच्या," अक्का म्हणाल्या.

त्यांनी ठकीला आपल्या खोलीत ठेवलं आणि दाराला कडी घातली. खाटेवरून दिसेल अशा एकाच कोपऱ्यात खाण्याची ताटली, तिला चिकटून पाण्याची वाटी, तिला चिकटून वाळूचा ट्रे. उलट्या थांबल्या. "चोर सापडला नाही, पण चोरी थांबली," असं म्हणून अक्का जेवताना भाऊजींकडे बघत राहत. बिचाऱ्याचा घास घशात अडके.

आणि मग ठकीचं पोट कोंडलं. वाळूत बसायची, कुंथायची, तशीच उठायची. खाणं सुटलं. खाटेखाली भिंतीला तोंड करून पडून राहू लागली. अक्कांनी दाराच्या फटीत बोट घालून पाहिलं, कोणी खालून काही सरकवतंय का. हाताला धूळ लागली.

पुन्हा दवाखाना. टोपली भाऊजींनी उचलली. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. "खडे झालेत आत. आज एनिमा देते. पण पुन्हा असंच झालं तर भूल देऊन काढावं लागेल, आणि या वयात ती भुलीतून उठेलच असं नाही सांगता येत."

अक्कांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"पाणी पिते का?"

"रोज सकाळी वाटी घासून भरते मी."

"त्यातलं पाणी कमी होतं का?"

खाण्याचा दाणा न् दाणा अक्कांच्या नजरेखालून जाई, पण पाणी त्या न बघता ओतून देत. पाणी कोण चोरणार?

"वाटीतलं ती पीत नाही," भाऊजी हळूच म्हणाले. "माझ्या पंक्चर बघायच्या घमेल्यातलं पिते. तेवढ्यासाठीच यायची खाली."

"मग इतके दिवस दातखीळ बसली होती?"

"बोललो असतो तर घमेलं पालथं करून मासळी शोधली असतीत तुम्ही."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "तिचंच बरोबर आहे. खाण्याच्या आणि वाळूच्या शेजारचं पाणी पुष्कळ मांजरांना नको असतं. म्हातारपणी पाणी कमी पडलं की हे असं होतं. घमेल्यातलं घाण पाणी नको, पण तिथेच स्वच्छ, पसरट भांडं ठेवा. खाण्यातही पाणी कालवा. आणि ते दार उघडा."

दार उघडायचं म्हणजे अक्कांच्या लेखी कारखान्याचं फाटक सताड उघडं टाकून झोपायला जाण्यासारखं होतं. पण उघडलं.

ठकी एकेक पायरी उतरून खाली आली आणि नव्या भांड्यापुढे थांबली. समोर स्टुलावर अक्का, डोळ्यांत तेल घालून. ठकीने त्यांच्याकडे पाहिलं. पाणी काही पिईना.

"अक्का, जरा तिकडे बघा."

"का? मी बघितलं तर काय होतंय?"

"तुम्ही बघत असलात की मलाही गिळवत नाही."

अक्कांनी भिंतीवर टांगलेल्या ट्यूबांकडे तोंड फिरवलं. बराच वेळ काहीच नाही. मग मागून आवाज आला: लप, लप, लप. अक्कांनी पदराने नाक पुसलं आणि रबराच्या वासाला नावं ठेवली.

पुढे एका सकाळी भाऊजींची आरोळी जिन्यावरून वर आली, "अक्का! झालं! झालं!" शेजाऱ्यांना वाटलं, घरात बाळ जन्मलं. अक्का धापा टाकत खाली आल्या. जुन्या टायरांच्या मागे गुडघे टेकून त्यांनी पुरावा नीट न्याहाळला.

"मऊ आहे," त्या म्हणाल्या.

मग हळूच मान वळवून त्यांनी भाऊजींना आपादमस्तक न्याहाळलं.

"पण हे तिचंच कशावरून?"