माटोळीखालची जागा

आमच्या पेडण्याच्या घराशेजारी दर गणेशचवथीला बंगळुरूहून एक गृहस्थ आपल्या आईकडे येतात. उपग्रहांचे सांगाडे आखणं हा त्यांचा व्यवसाय, आणि तो ते कुणाला विसरू देत नाहीत. हाती लागेल ती वस्तू तळहातावर झुलवतात. कपबशी असो की उंडो पाव, निकाल ठरलेला: "यातलं अर्धं वजन फुकट!" माझ्या पोटाकडे बघूनही एकदा हेच म्हणाले.

यंदा त्यांनी आपल्या घरच्या माटोळीला हात घातला. गणपतीवर टांगलेल्या, नारळ-रानफळांनी लगडलेल्या त्या लाकडी चौकटीच्या निम्म्या दोऱ्या सोडवून म्हणाले, "आता ही रॉकेटचे हादरेही सोसेल."

आरतीला आम्ही शेजारी त्यांच्याकडे माटोळीखाली जमलो. साहेब मात्र उंबऱ्याबाहेर.

त्यांची आई कडाडली, "हांगा ये मरे! देवाक खाला बसयलो, आनी तू भायर कित्याक?"

"इथून छान दिसतं, आई."

म्हातारीने आरती थांबवली आणि मला स्टुलावर चढवलं. मातीच्या मूर्तीवर माटोळी कोसळली असती तर केवढा अपशकुन! मी एकेक दोरी परत बांधत गेलो, आणि साहेब बाहेरून ओरडत राहिले, "अजून एक गाठ मारा! घट्ट!"