तीर्थाची बाटली

देवाबद्दल मला कधी शंका आली नाही, हे मी पूर्वी अभिमानानं सांगायचो. शंका होती ती धाकट्या भावाबद्दल. नातेपुत्याहून येताना दत्तूची मोटरसायकल घसरली आणि डोक्याला मार बसला. जीव वाचला, पण सकाळचं दुपारी आठवेना. त्यात झोपेत श्वास अडकू लागला. डॉक्टरांनी मशीन दिलं. नाकावर मास्क लावून झोपायचं, म्हणजे हवा आत जात राहते. ते लावलं नाही तर मेंदूला विसावा नाही, आणि जी आठवण परत यायची तीही यायची नाही, असं त्यांनी बजावलं.

दत्तू पाच मिनिटांत मास्क ओढून काढायचा. "हे कशाला, दादा?" मी समजावायचो. तो पुन्हा विचारायचा. शेवटी मी म्हणायचो, "तुला बरं व्हायचंच नाहीये." शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत हे वाक्य मी इतक्यांदा बोललो, की शेजाऱ्यांना पाठ झालं असावं. दत्तू मात्र विसरायचा. त्याच्या दुखण्यात माझी तेवढी सोय होती.

मग माझ्या भक्तीनं उचल खाल्ली. हवा ओलसर राहावी म्हणून त्या मशीनला पाण्याचं छोटं भांडं असतं. त्यात मेडिकलमधून आणलेलं शुद्ध पाणीच घालायचं, असं सांगितलं होतं. मी म्हटलं, शुद्धच हवं ना, मग अक्कलकोटच्या तीर्थाहून शुद्ध काय असणार? दर गुरुवारी बाटली भरून आणायची, वर चिमूटभर अंगारा टाकायचा आणि भांड्यात ओतायचं. गाळून हं, मी काही अडाणी नाही. दत्तू नाक चोळायचा, आग होतेय म्हणायचा. मी ते त्याच्या हट्टात जमा केलं.

एका गुरुवारी तीर्थाच्या रांगेत माझ्यामागं मैंदर्गीच्या एक बाई होत्या, साठीच्या. एवढी मोठी बाटली बघून त्यांनी चौकशी केली. मी मोठ्या भाविकपणे सगळं सांगितलं.

"मशीनीत वतता व्हय? आन् त्येच्या नाकात जातंय?"

"तीर्थ आहे ते, मावशी."

"व्हय की. तीर्थ तळहातावर घ्यायचं असतंय, दादा. फुप्फुसात न्हाय."

रांगेतले दोघं हसले. मीही हसलो, न हसून जातो कुठं?

मग त्या सावकाश म्हणाल्या, "आमचं मालक चिंचंवरनं पडलं. डोस्क्याला मार. त्यास्नी बी ह्येच मशीन. समजवून उपेग न्हाय, सांगितल्यालं ऱ्हातच न्हाय डोस्क्यात. जुनं जे ऱ्हायलंय त्येला बांधायचं. आरती येतीया का तुमच्या भावाला?"

येत होती. पोटच्या पोरीच्या नावाला अडखळायचा, पण आरतीतला शब्द चुकत नव्हता.

"मग आरतीला बसला की मास्क नुस्ता हातात द्या. चार दिसांनी नाकाला लावा, जागेपणी. रोज त्याच टायमाला. मग तसाच निजायला न्या."

"तुमच्या मालकांना झाली सवय?"

"मला ही अक्कल आली तवर ते ऱ्हायले न्हाईत," त्या म्हणाल्या. "सरका फुडं. रांग हलली."

तीर्थ तळहातावर घेऊन मागं वळलो, तर त्या दिसल्या नाहीत. याला चमत्कार म्हणायला मला आवडलं असतं. बहुधा त्यांना मैंदर्गीची एसटी गाठायची असेल. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि जी बोलणी खायला हवी होती ती खाल्ली. मशीनची नळी, भांडं, मास्क, सगळं बदललं. दत्तूला आरतीच्या वेळी मास्क हातात धरायची सवय लागली, मग नाकाला लावायची. हळूहळू तो मास्क लावून झोपू लागला. पोरीच्या नावाला आता तो अडखळत नाही. मधले वाया गेलेले महिने भरून निघतील का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "आता लावतोय ना," एवढंच ते म्हणाले.

परवा आरती झाली. मी मास्क पुढं केला. "हे कशाला" येणार म्हणून थांबलो. दत्तूनं मास्क हातात धरला आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "दादा, मला बरं व्हायचंच नाहीये, असं तू म्हणायचास ना?"

"हो," मी म्हणालो. त्यानं मास्क लावला. मी मशीन सुरू केलं.

त्याची आठवण परत दे, असं मी देवाला मागितलं होतं. त्यानं दिली. त्यातलं निवडून दे, असं म्हणायचं मला सुचलं नव्हतं. मी देवघरापुढं जाऊन हात जोडले, आणि दिली तशी ती घेतली.